ऑनलाइन सीपीआर सर्टिफिकेट नोकरीत चालतं का?

थोडक्यात उत्तर आधीच सांगून टाकावं. सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून आणि तोंडावाटे श्वास देऊन त्याला वाचवण्याची कृती. नुसते व्हिडिओ पाहून आणि शेवटी पर्यायी उत्तरांची परीक्षा देऊन तिचं जे सर्टिफिकेट मिळतं, ते सीपीआर येणं सक्तीचं असलेल्या नोकरीत बहुतेक वेळा चालत नाही. अभ्यास ऑनलाइन आणि प्रात्यक्षिक प्रत्यक्ष हजर राहून, असा मिश्र कोर्स मात्र बहुतेक ठिकाणी चालतो. तो नावाजलेल्या संस्थेचा असेल तर पूर्ण वेळ वर्गात बसून केलेल्या कोर्सपेक्षा त्याला कमी लेखत नाहीत.

घोळ होतो तो इथेच, कारण हे दोन्ही प्रकार 'ऑनलाइन सीपीआर कोर्स' याच नावाने विकले जातात. नवी नोकरी लागलेली असते, रुजू व्हायची तारीख जवळ आलेली असते आणि कागदपत्रांच्या यादीत 'वैध सीपीआर सर्टिफिकेट' अशी एक ओळ असते. माणूस रात्री फोनवर शोधतो, वर दिसलेल्या दोन-तीन वेबसाइटपैकी एकीवर पैसे भरतो आणि तासाभरात स्वतःचं नाव छापलेली पीडीएफ हातात येते. दुसऱ्या दिवशी ती पाठवली की उत्तर येतं, 'हे चालणार नाही.' पैसे जातात, वेळ जातो, आणि नेमकं काय चुकलं हे बहुतेक वेळा कुणी नीट सांगतही नाही. ते इथे सविस्तर सांगायचं आहे.

वैध आहे की नाही हे ठरवतं कोण?

सीपीआर सर्टिफिकेटवर शेवटचा शिक्का मारणारी एकच एक जागतिक संस्था नाही. हे लक्षात आलं की पुढचं बरंच सोपं होतं.

सर्वांत वर आहेत ते शास्त्र ठरवणारे. 'इल्कोर' या नावाने ओळखली जाणारी आंतरराष्ट्रीय समिती १९९२ मध्ये स्थापन झाली. हृदय बंद पडलेल्या माणसाला कसं वाचवावं यावर जगभर होणारं संशोधन ती तपासते आणि त्यातून निष्कर्ष काढते. त्या निष्कर्षांवरून अमेरिकन हार्ट असोसिएशन, युरोपियन रिससिटेशन कौन्सिल यांच्यासारख्या संस्था आपापली मार्गदर्शक तत्त्वं जाहीर करतात. ही तत्त्वं कुणालाही वाचायला खुली आहेत, त्यामुळे 'आमचा कोर्स अमुक संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आहे' असं कुणीही लिहू शकतं. असं लिहिल्याने त्या संस्थेशी त्यांचा काही संबंध आहे असं ठरत नाही. ऑनलाइन कोर्स विकणारी बरीच मंडळी नेमकी याच वाक्यावर चालतात.

त्यानंतर येतात शिकवणारे. यात अमेरिकन हार्ट असोसिएशन, रेड क्रॉस, सेंट जॉन ॲम्ब्युलन्स यांसारख्या जुन्या संस्था आहेत आणि असंख्य खाजगी कंपन्याही आहेत. सर्टिफिकेट हे लोक देतात. मग येतो कायदा आणि तो देशागणिक, कधी कधी व्यवसायागणिक बदलतो. आणि शेवटी येतो तुमचा मालक, तुमचं एचआर खातं किंवा तुमच्या व्यवसायाचा परवाना देणारं मंडळ. कायद्याने मागितलं त्यापेक्षा जास्त मागायचा त्यांना अधिकार असतो, कमी मागायचा नसतो. एखाद्या रुग्णालयाने 'आम्ही फक्त या एका संस्थेचंच कार्ड घेतो' असं ठरवलं, तर दुसऱ्या संस्थेचं उत्तम कार्डही तिथे उपयोगाचं नाही.

त्यामुळे 'हे सर्टिफिकेट वैध आहे का?' हा प्रश्न अर्धाच राहतो. कशासाठी, कुणाकडे आणि कुठे, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. 'जगात सगळीकडे मान्य' असा दावा कुठे दिसला की सावध व्हावं, कारण तसं वचन देण्याचा अधिकार कुणाकडेच नाही.

कायदा काय म्हणतो, याची तीन उदाहरणं

अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचे नियम ओशा नावाचं सरकारी खातं करतं. कामाच्या जागेजवळ दवाखाना किंवा रुग्णालय नसेल, तर प्रथमोपचाराचं पुरेसं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती तिथे असलीच पाहिजे, असा त्यांचा सर्वसाधारण नियम आहे. काही कामांत तर सीपीआरचा नाव घेऊन उल्लेख आहे: जंगलातली लाकूडतोड, वीजवाहिन्यांवरचं काम, टाक्या आणि भुयारांसारख्या बंदिस्त जागांमधलं काम, पाण्याखालचं व्यावसायिक काम. नुसतं ऑनलाइन प्रशिक्षण यासाठी चालेल का, असं ओशाला विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी लेखी उत्तर दिलं की चालणार नाही. सीपीआर हे अंगमेहनतीचं कौशल्य आहे आणि ते डमीवर, म्हणजे सरावासाठीच्या पुतळ्यावर, हाताने करून शिकावं लागतं, अशी त्यांची भूमिका आहे. आणखी एक गोष्ट: ओशा कोणत्याही कंपनीच्या सीपीआर कोर्सला मान्यता देतच नाही. म्हणून 'ओशामान्य सर्टिफिकेट' अशी जाहिरात दिसली, तर ते पान तिथेच बंद करावं.

ब्रिटनमध्ये हे काम एचएसई या सरकारी संस्थेकडे आहे. तिथे कामावरच्या प्रथमोपचाराचा छोटा कोर्स किमान ६ तासांचा आणि मोठा किमान १८ तासांचा असतो. दोन्ही सर्टिफिकेटं ३ वर्षं चालतात, पण मधल्या काळात दर वर्षी थोडी उजळणी करावी असा सल्ला एचएसई देते. थिअरीचा काही भाग ऑनलाइन करता येतो, प्रात्यक्षिक मात्र समोरासमोरच व्हावं लागतं.

ऑस्ट्रेलियात गोष्ट अजून बारकाईने लिहिलेली आहे आणि मला ती पद्धत फार पटते. तिथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात सीपीआरच्या परीक्षेसाठी प्रौढ माणसाच्या आकाराची डमी जमिनीवर ठेवलेली असली पाहिजे आणि उमेदवाराने त्यावर किमान २ मिनिटं सलग सीपीआर दिला पाहिजे, असं स्पष्ट म्हटलंय. टेबलावर नाही, जमिनीवर. कारण खरा माणूस जमिनीवर कोसळतो. सीपीआरची उजळणी दर १२ महिन्यांनी करावी, असंही तिथे सांगितलं जातं. एवढं वाचल्यावर नुसत्या व्हिडिओवर मिळालेला कागद तिथे का चालत नाही, हे वेगळं सांगायला नको.

कोविडच्या काळात काही संस्थांनी जुन्या कार्डांची मुदत वाढवली, काही ठिकाणी प्रात्यक्षिक पुढे ढकलायला परवानगी दिली. त्या सवलती त्या काळापुरत्या होत्या. 'ऑनलाइन चालतं, माझ्या ओळखीतल्या एकाचं चाललं होतं' असं कुणी सांगत असेल तर ते २०२० मधलं आहे का, एवढं विचारून घ्यावं.

हातांनी करून दाखवण्याचा एवढा आग्रह का?

हा आग्रह नियम बनवणाऱ्यांचा हट्ट आहे असं पुष्कळांना वाटतं. कृती तर चार ओळींत सांगून होते, मग वर्गात कशाला जायचं? म्हणून आधी ती कृतीच जवळून पाहू.

छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात. कोपरं सरळ, खांदे थेट हातांच्या वर. प्रौढ माणसाची छाती किमान ५ सेंटीमीटर दबली पाहिजे, पण ६ च्या पुढे जाऊ नये. वेग मिनिटाला १०० ते १२०. म्हणजे ३० दाब १५ ते १८ सेकंदांत झाले पाहिजेत. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ३० दाबांनंतर तोंडावाटे २ श्वास, प्रत्येक साधारण एका सेकंदाचा आणि छाती वर येताना दिसेल इतकाच. दाब थांबवायचे ते १० सेकंदांहून कमी वेळ. हे सगळं वाचायला मिनिटभर पुरतं आणि परीक्षेत यावर दहापैकी दहा गुणही मिळतात.

आता डमीसमोर पहिल्यांदा गुडघे टेकणाऱ्या माणसाकडे बघा. पहिले चार-पाच दाब तो जपून देतो, कारण एखाद्याची छाती ५ सेंटीमीटर दाबायची म्हणजे किती जोर लागतो याचा त्याला अंदाजच नसतो. प्रशिक्षक 'अजून जोरात' म्हणतो तेव्हा तो कोपरं वाकवून दंडांच्या ताकदीने ढकलायला लागतो आणि अर्ध्या मिनिटात दमतो. घाबरला की वेग वाढतो, मिनिटाला १४० च्या वर जातो, आणि वेग वाढला की खोली आपोआप कमी होते. दमल्यावर तो नकळत पुतळ्याच्या छातीवर रेलून राहतो. मग दोन दाबांच्या मध्ये छाती पूर्ण वर येतच नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की सीपीआर अगदी जोरात चाललाय, पण छाती वर आल्याशिवाय हृदयात रक्त परत भरत नाही. जे भरलंच नाही ते पुढच्या दाबाने मेंदूकडे जाणार कुठून?

श्वास देणं त्याहून अवघड. डोकं पुरेसं मागे झुकलेलं नसतं, हनुवटी उचललेली नसते किंवा मास्क चेहऱ्यावर नीट बसलेला नसतो. हवा बाजूने निसटते, छाती हलत नाही, म्हणून माणूस तिसरा श्वास देतो, चौथा देतो. तेवढा वेळ दाब थांबलेले असतात. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांमधला दाब एकामागून एक दाब देत राहिल्यावर हळूहळू चढतो आणि थांबलं की झर्रकन उतरतो. पुन्हा सुरू केल्यावर पहिले काही दाब नुसते तो चढवण्यातच जातात. या १० सेकंदांच्या मर्यादेमागे हे कारण आहे.

गंमत अशी की आपली खोली कमी झाली आहे हे दमलेल्या माणसाला स्वतःला कळत नाही. तो तेवढ्याच जोराने देतोय असंच त्याला वाटत असतं. म्हणून दोघं असतील तर साधारण दर २ मिनिटांनी जागा बदलायची असा नियम आहे, 'मला जमतंय' असं वाटत असलं तरी.

यातली एकही चूक स्क्रीनला दिसत नाही. व्हिडिओ तुम्हाला खोली सांगतो, पण तुम्ही किती खोल दाबलं ते त्याला कळत नाही. याच कारणाने अमेरिकन हार्ट असोसिएशनने ३१ जानेवारी २०१९ पासून प्रौढांच्या सीपीआरच्या आपल्या सगळ्या कोर्समध्ये अशी साधनं सक्तीची केली, जी दाब देत असतानाच वेग आणि खोली मोजून तिथल्या तिथे सांगतात. नुसत्या अनुभवी डोळ्यांनाही खोलीचा नेमका अंदाज येत नाही, हे त्यामागचं कारण.

आणि डमीची ही सोबत आजची नाही. बाहेरून छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येतं, हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी नॉर्वेतले खेळणी बनवणारे आसमुंड लेर्डाल यांनी सरावासाठी 'रिससी ॲन' ही डमी बाजारात आणली. तंत्र आणि त्याच्या सरावाचं साधन जवळजवळ बरोबरीने जन्मले.

मग ऑनलाइन शिकणं वाईट का?

अजिबात नाही. अभ्यासाच्या भागासाठी ऑनलाइन उत्तमच आहे. बेशुद्ध माणूस कसा ओळखायचा, मधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे हे कसं समजायचं, हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या एईडी यंत्राचे पॅड कुठे लावायचे, मदत कधी बोलवायची, हे सगळं आपल्या वेगाने, पुन्हा पुन्हा पाहून जास्त चांगलं डोक्यात बसतं. आचके देणारा माणूस 'श्वास घेतोय' असं समजून थांबलेले लोक पुष्कळ असतात. ती एक गोष्ट व्हिडिओत पाहिलेली असेल तरी जीव वाचू शकतो.

इतकंच काय, प्रशिक्षक समोर नसला तरी चालतं हेही अभ्यासांतून दिसलंय. घरी फुगवायची छोटी डमी आणि सोबत पाहत पाहत सराव करायचा व्हिडिओ, अशा संचावर २००५ च्या सुमारास तपासण्या झाल्या. अर्ध्या तासात अशा पद्धतीने शिकलेल्या सामान्य लोकांचं कौशल्य वर्गात शिकलेल्यांच्या तोडीचं निघालं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या काही कोर्समध्ये तर प्रात्यक्षिकाची परीक्षाही संगणकाला जोडलेल्या आणि बोलून सूचना देणाऱ्या डमीवर देता येते, तिथे माणूस परीक्षक नसतो.

म्हणजे भांडण स्क्रीनशी नाहीच. सर्टिफिकेट देण्याआधी तुमच्या हातांचं काम कुणी किंवा कशाने तरी तपासलं का, हा एकच प्रश्न आहे. तपासलं असेल तर कोर्सचा बाकीचा भाग कुठे बसून केला याने फारसा फरक पडत नाही. तपासलं नसेल तर त्या कागदावर लिहिलेलं 'सीपीआर येतो' हे वाक्य कुणीच पडताळलेलं नसतं.

मधला एक प्रकार आहे त्याबद्दल लोक नेहमी विचारतात. डमी घरी पाठवतात, ठरलेल्या वेळी प्रशिक्षक व्हिडिओ कॉलवर येतो आणि तुमचं काम कॅमेऱ्यातून पाहतो. नुसत्या व्हिडिओपेक्षा हे नक्कीच बरं आहे. काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. इथे मालकाचं लेखी उत्तर घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत.

सर्टिफिकेट वाचायचं कसं

सर्वांत जास्त फसगत एका जागी होते, म्हणून ती नीट बघू. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 'हार्टकोड बीएलएस' नावाचा मिश्र कोर्स आहे (बीएलएस म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट). त्यातला ऑनलाइन भाग संपला की एक सर्टिफिकेट मिळतं. ते संस्थेचं अस्सल सर्टिफिकेट असतं, पण ते फक्त ऑनलाइन भाग पूर्ण झाल्याचं. ते घेऊन प्रात्यक्षिकाला जायचं, तिथे उत्तीर्ण व्हायचं, मग खरं ई-कार्ड मिळतं. पुष्कळ जण पहिला कागद मिळाला की काम झालं समजतात आणि तोच नोकरीच्या ठिकाणी पाठवतात. नाव मोठं, लोगो खरा, आणि तरीही कागद परत येतो. रेड क्रॉसचंही असंच आहे: त्यांचे नुसते ऑनलाइन कोर्सही आहेत आणि प्रात्यक्षिकासह मिश्र कोर्सही. नुसत्या ऑनलाइनचं सर्टिफिकेट कामाच्या ठिकाणच्या अटी पूर्ण करेलच असं नाही, हे ते स्वतः सांगतात.

तेव्हा कागद हातात आला की आधी प्रात्यक्षिकाचा उल्लेख शोधा. 'कौशल्य चाचणी पूर्ण' अशा अर्थाचं काही त्यावर आहे का? प्रशिक्षकाचं किंवा प्रशिक्षण केंद्राचं नाव आहे का? दिल्याची तारीख आणि संपण्याची तारीख दोन्ही आहेत का? पडताळणीसाठी क्रमांक किंवा क्यूआर कोड आहे का, आणि तो टाकल्यावर संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवर तुमची नोंद उघडते का? मालकाची माणसं कागदाच्या छपाईकडे बघत नाहीत, ती हा क्रमांक टाकून बघतात.

विकणाऱ्या पानावरही काही खुणा असतात. 'दहा मिनिटांत कार्ड', 'पास होईपर्यंत कितीही वेळा परीक्षा द्या', 'आधी परीक्षा द्या, पैसे पास झाल्यावर', 'मालकाने नाकारलं तर पैसे परत'. या शेवटच्या वचनाने लोक जास्त निर्धास्त होतात. पैसे परत मिळतीलही. पण रुजू होण्याची तारीख गेली, ती कोण परत देणार? शिवाय अशा पानांवर अगदी तळाला, बारीक अक्षरांत, 'मालकाची अट आधी विचारून घ्या' असं लिहिलेलं असतं. म्हणजे वर ठळक अक्षरांत दिलेला 'सगळीकडे मान्य' हा शब्द ते स्वतःच खाली मागे घेतात.

पातळीचाही प्रश्न असतो आणि तो घाईत सुटतो. सामान्य लोकांसाठीचा सीपीआर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचा बीएलएस हे वेगळे कोर्स आहेत. बीएलएसमध्ये नाडी तपासणं, दोघांनी मिळून काम करणं, पिशवी-मास्कने श्वास देणं हे येतं. दोन बचावकर्ते असतील तर लहान मुलांसाठी ३० ला २ ऐवजी १५ ला २ हे प्रमाण येतं. परिचारिकेच्या जागेसाठी सामान्य लोकांच्या कोर्सचं कार्ड दिलं तर ते वर्गात बसून मिळवलेलं असलं तरी परत येईल. पाळणाघरात काम असेल तर बाळं आणि मुलं यांचा भाग कोर्समध्ये हवाच. बाळाची छाती साधारण ४ सेंटीमीटरच दाबायची असते. जीवरक्षकांसाठी बहुतेक ठिकाणी व्यावसायिक पातळीचा कोर्स मागतात.

मुदत आणि नूतनीकरण

अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन रेड क्रॉस यांची कार्डं २ वर्षं चालतात. कागद २ वर्षं चालला तरी हात तेवढे चालत नाहीत. सरावाशिवाय हे कौशल्य काही महिन्यांतच घसरायला लागतं, हे अनेक अभ्यासांनी दाखवलंय. म्हणूनच काही रुग्णालयांत आता दर तीन महिन्यांनी थोडा थोडा सराव करायची पद्धत आली आहे.

शास्त्रही बदलत असतं. २००५ पर्यंत १५ दाबांना २ श्वास असं प्रमाण होतं, त्या वर्षीपासून ते ३० ला २ झालं. २०१० मध्ये क्रमच बदलला: आधी श्वसनमार्ग, मग श्वास, मग दाब, याऐवजी आधी दाब. जुन्या पद्धतीने शिकलेला माणूस आजही कार्ड दाखवू शकला तर घात आहे, म्हणून मुदत असते.

नूतनीकरणासाठी नुसता ऑनलाइन पर्याय फार विकला जातो, 'तुम्हाला तर येतंच, फक्त परीक्षा द्या' म्हणून. इथेही नियम तोच लागतो. पहिल्यांदा प्रात्यक्षिक लागलं असेल तर दुसऱ्यांदाही लागतं.

नुसतं ऑनलाइन कुणाला पुरेसं आहे?

ज्याच्याकडे कुणी सर्टिफिकेट मागत नाही त्याला. घरात म्हातारे आईवडील आहेत, लहान बाळ आहे, किंवा नुसतंच यायला हवं असं वाटतं, अशा कुणीही आज रात्री एखाद्या भरवशाच्या संस्थेचा मोफत व्हिडिओ जरूर पाहावा. ज्याच्याकडे वैध कार्ड आहे त्यानेही मधूनमधून उजळणीसाठी पाहावा.

आणि इथे एक गैरसमज ठामपणे काढून टाकायला हवा, कारण त्याने माणसं मरतात. सीपीआर द्यायला सर्टिफिकेट लागत नाही. सर्टिफिकेट नोकरीसाठी लागतं. समोर कुणी कोसळलं, हलवून हाक मारून प्रतिसाद नाही, नीट श्वास नाही, तर आपत्कालीन क्रमांकावर फोन लावा, स्पीकर चालू करा आणि छातीच्या मध्यभागी जोराने, भरभर दाब द्यायला लागा. श्वास द्यायला शिकला नसाल तर नुसते दाब द्या. बऱ्याच ठिकाणी फोनवरची व्यक्ती दाब मोजत तुम्हाला सोबत करते. हृदय अनियमित थरथरत बंद पडलेलं असताना सीपीआर आणि विजेचा झटका यांच्याविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. 'माझ्याकडे कार्ड नाही' म्हणून हात मागे घेण्याइतका वेळ त्या माणसाकडे नसतो. बरगडी मोडेल ही भीती खरी आहे, कधी कधी मोडतेही, पण बरगडी जुळते.

नोकरीत मात्र गोष्ट वेगळी होते. तिथे पाळीवरचा प्रथमोपचारक म्हणून तुमचं नाव भिंतीवर लावलेलं असतं. बाकीचे त्या नावावर विसंबून असतात, काही घडलं तर तुमच्याकडे धावत येतात आणि स्वतः थांबून राहतात. ज्याने एकदाही डमी दाबलेली नाही त्याचं नाव तिथे असणं हे नाव नसण्यापेक्षा वाईट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तपासणीत असा कागद सापडला तर मालक अडचणीत येतो आणि तो देणाराही.

आधीच घेऊन बसला असाल तर

पहिली गोष्ट, लपवू नका. एचआरला कागद पाठवून विचारा की हे चालेल का, आणि चालत नसेल तर काय हवं. विचारताना तीन गोष्टी लेखी मागा: कोणत्या संस्थांची कार्डं घेता, कोणत्या पातळीचं हवं, आणि मिश्र कोर्स चालतो का. 'वैध सीपीआर' एवढंच लिहिणाऱ्या माणसालाही बऱ्याचदा स्वतःच्या संस्थेचा नियम नीट माहीत नसतो. लेखी विचारलं की तो शोधून सांगतो.

ज्यांच्याकडून कोर्स घेतला त्यांचं प्रात्यक्षिकाचं केंद्र आहे का तेही पाहा. बहुतेक वेळा नसतं. एका कंपनीचा ऑनलाइन भाग आणि दुसऱ्या संस्थेचं प्रात्यक्षिक अशी जोडणी सहसा मान्य होत नाही, त्यामुळे मान्य संस्थेचा मिश्र कोर्स पहिल्यापासून करावा लागतो. वाचलेलं फुकट जात नाही, ऑनलाइन भाग दुसऱ्यांदा भराभर उरकतो.

प्रात्यक्षिकाची जागा आरक्षित करताना ऑनलाइन भाग पूर्ण झाल्याचा कागद सोबत लागेल का, हे विचारून ठेवा. तो नसला तर पुष्कळ केंद्रं आत घेत नाहीत. वाकता येईल असे कपडे घाला. गुडघ्यांचा किंवा पाठीचा त्रास असेल तर आधीच सांगा. काही कोर्समध्ये डमी टेबलावर ठेवून परीक्षा घेता येते, काहींमध्ये जमिनीवरच द्यावी लागते, आणि ते त्या दिवशी तिथे कळून उपयोग नसतो. आणि ज्यांच्याकडे जुनं कार्ड आहे त्यांनी मुदत संपण्याच्या महिना-दोन महिने आधी जागा धरावी. एकदा तारीख उलटली की पुष्कळ केंद्रं छोट्या नूतनीकरण वर्गाला बसू देत नाहीत आणि पूर्ण कोर्स परत करावा लागतो.